अजून धूर सोड

आमच्या घरमालकीणबाईंचा एक व्हिडिओ माझ्या फोनमध्ये आहे. आजवर तो मी ज्यांना ज्यांना दाखवला, त्या प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला, "यात आहे काय?" कारण त्यात आहे धूर. पांढरा, गच्च धूर, त्यातून इकडून तिकडे पळणाऱ्या हिरव्या रेघा आणि कुणाचं तरी गाणं, कुणाचं तरी खोकणं. माणूस एकही दिसत नाही. एवढं काढायला आम्हाला जवळजवळ अख्खा एप्रिल लागला असं सांगितलं, की लोक माझ्याकडे जरा जपून बघायला लागतात. मी त्यांना दोष देत नाही. तो व्हिडिओ बनत होता तेव्हा मी स्वतः तिथे होतो, सगळ्यात पुढे फोन धरून उभा होतो, आणि तरीही आपण काय करतोय हे मला अगदी शेवटी शेवटी कळलं.

चौक गावाजवळच्या एका गोदामात नोकरी लागली म्हणून मी सोलापूरकडून इकडे आलो होतो. कर्जतच्या रस्त्याला आत असलेल्या एका गावात मागची खोली भाड्याने मिळते असं कळलं. बघायला गेलो, तर पडवीत एक साठीपुढची बाई वाल सोलत बसलेली. तिने मला गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, मटण खातोस का तेही विचारलं नाही. मान वर न करता म्हणाली, "तुझ्या हळदीला कोन म्हनलं?"

मला प्रश्नच कळला नाही. "माझं लग्न झालेलं नाही," मी म्हणालो.

"मग ऱ्हा. पन गुनगुनायचं नाय."

सगळं गाव तिला बाय म्हणायचं. मी पहिले काही दिवस अहो-जाहो करत होतो, तर एकदा तिने वळून मागे बघितलं आणि विचारलं, "कुनाशी बोलतोस रं? माझ्यामागं कोन उभं हाय का?" तेव्हापासून माझ्यासाठीही ती 'अगं बाय' झाली.

बाय धवलारीण होती. या भागात लग्नाचा मांडव घालण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक गोष्टीला गाणी असतात. त्यांना धवले म्हणतात आणि ते म्हणणारी ती धवलारीण. ती एक ओळ म्हणणार, बाकीच्या बायका ती मागून म्हणणार. पूर्वी भटजीच्या आधी हिची तारीख घ्यायचे म्हणे. बायच्या डोक्यातला सगळा मुलूखच लग्नांनी भरलेला होता. तिला दुकानाचा पत्ता विचारा, ती सांगणार, "नवरदेवाला ताप आला व्हता ना, त्या घरावरनं खाली जा. मग मांडव उडाला व्हता ते घर लागंल. त्याच्या समोर." मी या गावात नवा, मला ना ताप माहीत ना मांडव. पहिला महिनाभर मी मीठ आणायला निघालो की भलत्याच कुणाच्या तरी अंगणात जाऊन उभा राहायचो.

गुणगुणण्याची बंदी मी थट्टा समजलो होतो. पहिल्याच आठवड्यात आंघोळ करताना सहज काहीतरी तोंडात आलं, तर दारावर थाप.

"काय झालं रं?"

"काही नाही, आंघोळ करतोय."

"मग गातोस कशाला? कुनाचं लगीन हाय?"

डोळ्यांत साबण गेलेला असताना या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, हे मला अजूनही सुचलेलं नाही.

नंतर हळूहळू तिचा कायदा कळला. धवला लग्नाशिवाय म्हणायचा नाही. म्हटला तर तो घरात राहत नाही, लग्न शोधत फिरतो आणि बिनलग्नाचा माणूस दिसला की त्याच्यावर बसतो. "आनि तू मागच्या खोलीत पडल्याला असतोस. कुनावर बसंल, सांग!" म्हणून ती घरात कधी सराव करायची नाही, कुणाला शिकवायची नाही. एकदा मी फोन पुढे करून "दोन ओळी म्हण ना, रेकॉर्ड करतो" म्हणालो, तर तिने फोनवर पदरच टाकला, जसा काही तो उघडा पडला होता. दुसरं कलम असं, की एकदा सुरू केलेला धवला अर्धा सोडायचा नाही. पाऊस येवो, भांडण होवो, नवरदेव पळून जावो. "अर्धा सोडला का नवरीच्या पाठी लागतो, जलमभर." आणि तिसरं, नवरीने आपला धवला आपण म्हणायचा नाही, तो तिच्यासाठी दुसऱ्या कुणी म्हणायचा.

हे कायदे गावाचे होते की बायचे, याचा मला उलगडा होईना. शेवटी मी खालाला विचारलं. खाला म्हणजे खालापूरहून येणारी चुडेवाली. लग्नाच्या हंगामात काचेच्या हिरव्या बांगड्यांची पेटी घेऊन घरोघर नवऱ्यांना चुडा भरत फिरायची. बायची आणि तिची मैत्री मांडवातलीच, दोघी तरुण होत्या तेव्हापासूनची. खाला म्हणाली, "गाव काय नाय बोलत असलं. तिचंच काय तरी हाय ते. पन तिच्याफुडं बोलू नको, तुला जेवान मिळायचं नाय."

या घरात आणखी एक माणूस होता, पण तो लक्षात यायला वेळ लागायचा. बायचा नवरा. त्यांना मी बाबा म्हणायचो. खोपोलीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, डोक्यावर पांढरी टोपी, तोंडात एकही दात नाही. मशीनच्या आवाजाने कान गेलेत असं बाय सांगायची आणि त्यांच्याशी सगळं ओरडून बोलायची. ते काहीच बोलायचे नाहीत. बायला कधी हाक मारायची वेळ आली तर "आयकलंस का" एवढंच. त्यांचं काम एक. लग्न असेल तिथे बायला स्कूटरवर सोडायचं, मांडवाबाहेर गाडीपाशी थांबायचं आणि झालं की परत आणायचं. इतकी वर्षं त्यांनी तेच केलं होतं.

मी बायला प्रत्यक्ष ऐकलं ते चौकच्या बाजूच्या एका हळदीत. ऐकलं म्हणजे, पाहिलं. तिथे लाइट आणि आवाजाचं काम तिच्याच भाच्याकडे होतं. भाचा चांगला तिशीचा, मिशीवाला, चौकला त्याचं दुकान. हळदी, वाढदिवस, गणपती, सगळीकडे त्याचे लेझर आणि धुराचं मशीन. खालाने चुडा भरला, पेटी उचलली आणि पुढच्या घरी निघून गेली. बाय पाटासमोर बसली आणि म्हणायला लागली. भाचा येऊन तिच्या कानात अदबीने म्हणाला, "बाय, पाच मिनटं हां. पोरं थांबल्यात." आणि पाच मिनिटांनी त्याने खरंच चालू केलं. छातीत धडधडणारं संगीत, हिरवे किरण, भसाभस धूर. पोरं नाचायला लागली. नवरीसुद्धा उठून गेली. पाट रिकामा झाला.

बाय उठली नाही. त्या रिकाम्या पाटासमोर ती ओठ हलवत बसून राहिली. मी तीन हातांवर होतो, पण एक शब्द ऐकू येत नव्हता. बराच वेळ. मला इतकं अवघडल्यासारखं झालं, की मी बाहेर आलो. बाहेर बाबा स्कूटरला टेकून, मांडवाकडे तोंड करून उभे होते आणि काहीतरी चघळत होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन थांबलो. बऱ्याच वेळाने त्यांचं चघळणं थांबलं आणि त्यांनी स्कूटरला किक मारली. मागून बाय आली, बसली, दोघं निघून गेले. गाडी आधी सुरू कशी झाली, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

त्यानंतर दोन दिवस बाय माझ्याशीच काय, कोंबड्यांशीसुद्धा बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पडवीत मोड आलेले वाल सोलायला बसली आणि मला म्हणाली, "बस. हातांना काम कर." मी बसलो. आणि तिने आपणहून, मी काही विचारलेलं नसताना, स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगितली.

तिची आईही धवलारीण. त्या वेळी आसपासच्या गावांत ती एकटीच. बायच्या लग्नाचा दिवस ठरला आणि नेमकं त्याच दिवशी खालापूरकडच्या एका घरातलं लग्न निघालं, जिथे आईने आधी शब्द दिलेला होता. "माय बोलली, तुझं काय गं, तुझं घरचं हाय. तुझा मी कवा पन म्हनंन. आनि गेली. माझ्या हळदीला लाउडस्पीकर लावला व्हता."

"मग नंतर म्हटला का?"

"पैल्या सनाला म्हायेरी आले तवा बोलले, माय, आता म्हन. तर बोलली, आता कसा म्हनू? आता तुझं लगीन कुठं हाय?" बायने वालाचं साल बोटाने दूर उडवलं. "पुढच्या पावसात ती गेलीच."

मी पुढचा वाल हातात घेतला.  बाय हसली आणि बाबांकडे बोट करून, ओरडून म्हणाली, "माझं लगीन अजून झाल्यालं नाय वो! तरी जेवायला घालते!" बाबा समोरच्या आंब्याकडे बघत होते. ते तसेच बघत राहिले.

आणि त्याच संध्याकाळी बायने भाच्याला फोन लावून सांगितलं, की मला व्हिडिओ काढायचा आहे. गाण्याचा. लेझर आणि धूर लावून. इथं, घरात.

माझी समजूत अशी झाली, की म्हातारी रागावली आहे. पोरांना लेझर हवा ना, मग धवल्याला लेझर. मला ती कल्पना आवडली. भाच्यालाही आवडली, कारण त्या हळदीपासून तो तिच्यासमोर यायला बिचकत होता. तो म्हणाला, मस्त करू, बायला मधोमध बसवू, वरून उजेड सोडू, तोंड कसं झळकलं पाहिजे. बायने त्याला मध्येच तोडलं.

"धुरात मानूस दिसतो का?"

"दिसतो ना बाय, एकदम भारी दिसतो."

"दिसता कामा नये."

भाच्याने माझ्याकडे बघितलं, मी भाच्याकडे. आजवर त्याच्याकडे आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक दिसण्यासाठी आलेलं होतं.

मग सुरू झाल्या चाचण्या. लेझर उजेडात दिसत नाही आणि बायला काम दिवसाच हवं होतं, म्हणून आधी घर अंधारं करायचं ठरलं. पावसाळ्यात पडवीला बांधायची निळी ताडपत्री माळ्यावरून काढली, खिडक्यांना गोणपाट लावले, कौलांच्या फटींत पेंढा कोंबला. भर दुपारी घरात इतका काळोख झाला, की कोंबड्या आत येऊन झोपल्या. भाच्याने धुराचं मशीन आणलं, त्यात घालायचं धुराचं पाणी शिळफाट्याच्या बाजारातून भरून आणलं. लेझर मात्र त्याने वर, तुळईला बांधला. "किरन डोक्यावरनं गेला पायजे. डोळ्यात नको आनि फोनमदी तर अजिबात नको," असं त्याने मला दोनदा बजावलं. त्याचं मी ऐकलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक फोटोत एक जांभळी रेघ येते.

दिसणं मोजण्यासाठी बायने बाबांना पाटावर बसवलं. भाचा मशीन दाबायचा, फुस्स करून धूर यायचा, बाय दारात उभी राहून डोळे बारीक करायची.

"हात वर करा वो!"

धुरातून एक हात वर आला.

"दिसला. अजून धूर सोड."

फुस्स.

"हात वर करा!"

"टोपी दिसते बाय," भाचा म्हणाला.

"मग अजून सोड की रं!"

असं चार दिवस चाललं. बाबा बिचारे त्या पाटावर बसून राहायचे. धूर विरला तरी उठायचे नाहीत, कुणी सांगेपर्यंत. बायला मशीनचा धूर पातळ वाटायचा. एके दिवशी तिने घमेल्यात गोवऱ्या, कडुनिंब आणि ओला पेंढा घालून स्वतःचाच धूर केला. त्यात माणूस दिसेनासा झाला खरा, पण लेझरही दिसेना आणि आम्ही सगळे खोकत, रडत अंगणात येऊन पडलो. पलीकडच्या शेतात पेरणीआधी पालापाचोळा जाळून राब भाजणारे लोक आपलं काम सोडून आमच्याकडे बघायला लागले. त्यांच्यापेक्षा आमचाच धूर मोठा होता.

एवढं झाकायचं तर लेझर तरी कशाला, असं मी एकदा बायला विचारलं. ती म्हणाली, "लेझर नसंल तर त्याला व्हिडिओ कोन म्हननार?" आणि लग्न नसताना धवला कसा म्हणणार, असंही विचारलं. त्यावर म्हणाली, "व्हिडिओत काय पन चालतं. कोन इच्यारत नाय." मी दोन्ही उत्तरं एकमेकांशेजारी ठेवून बघितली. त्यातून काहीच निष्पन्न झालं नाही.

दरम्यान घरात भलत्याच गोष्टी येऊ लागल्या. अंगणात खरा मांडव उभा राहिला, आंब्याचे डहाळे बांधलेला. हळकुंडं आली, मुंडावळ्या आल्या. खाला पेटी घेऊन येऊन बसली. तिला बायने माझ्यासमोर विचारलं, "तुला पुरा येतो ना गो?" आणि खाला म्हणाली, "येतो की. इतकी वरसं काय कान बंद करून चुडा भरते?" मला वाटलं, मागून म्हणायला घेतली असेल.

गावाला या सगळ्याचा जो अर्थ लागायचा तोच लागला. मांडव पडलाय, हळद आलीय, चुडेवाली आलीय, आणि त्या घरात बिनलग्नाचा असा एकच जीव आहे. दुकानदाराने मला मीठ देताना हात हातात घेतला आणि "आमाला नाय सांगितलंत" म्हणाला. गोदामातल्या हमालांनी पेढे मागितले. एका आजोबांनी तर रस्त्यात थांबवून डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "पोरगी कुठली रं?" मी म्हणालो, पोरगी नाहीच आहे, व्हिडिओ आहे. ते बराच वेळ विचार करत माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हल्ली काय पन करतात."

शूटिंग रविवारी सकाळी होतं. मी फोन चार्ज करून पुढच्या दारी आलो, तर ताडपत्रीबाहेर मांडवात पाय ठेवायला जागा नाही. अर्धं गाव काठपदराच्या साड्या नेसून आहेर घेऊन आलेलं. बायका माझ्याकडे बघून हसत होत्या. एकीने माझ्या हातात टॉवेल आणि नारळ ठेवला. मी तो धरून तसाच आत गेलो आणि म्हणालो, "बाय, बाहेर सगळे माझ्या लग्नाला आलेत!"

बायचा चेहरा क्षणभर पडला. एवढी माणसं तिच्या हिशोबात नव्हती. मग तिने ताडपत्रीची कड उचलून बाहेर डोकं काढलं. "आहेर कोनाचा घ्यायचा नाय. व्हिडिओ हाय. बसायचं तर गप बसा!" कुणीही उठलं नाही.

आत आली तेव्हा ती हिरवी साडी नेसली आहे, हे मी पहिल्यांदा नीट पाहिलं. प्रत्येक लग्नात तिला मानाची साडी मिळायची आणि ती ट्रंकेत ठेवून द्यायची. नेसलेली कधी बघितली नव्हती. मी फोन घेऊन उभा राहिलो आणि वाट बघू लागलो, की ती आता धवलारणीच्या जागेवर, पाटासमोर बसेल. ती बसली नाही. पाटावर बसली. शेजारच्या पाटावर बाबांना बसवलं, त्यांच्या टोपीवर मुंडावळ्या बांधल्या, आपल्या कपाळाला बांधल्या. खालापुढे दोन्ही हात धरले. आणि समोरची, धवलारणीची जागा रिकामी राहिली, तिथे खाला सरकून बसली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. साठी उलटलेली बाई पाटावर बसून हळद लावून घेणार म्हटल्यावर गाव हसलं असतं. पण व्हिडिओला कोण हसतं? व्हिडिओत काय पण चालतं. लेझर होता तो व्हिडिओ वाटावा म्हणून आणि धूर होता तो तिला लाज वाटू नये म्हणून. आईने मागे टाकलेला तिचा धवला तिला हवा होता, बस्स.  मी फोन वर केला, कारण दुसरं काय करणार.

"सोड," बाय म्हणाली.

भाच्याने मशीन दाबलं. धूर पाटांवरून चढत गेला. आधी बाबांचे गुडघे गेले, मग बायचे हात, मग मुंडावळ्या. हिरव्या रेघा डोक्यावरून फिरायला लागल्या. "अजून," धुरातून आवाज आला. "अजून धूर सोड." मग तिथे कुणी आहे असंही वाटेना, नुसता बांगड्यांचा किणकिणाट ऐकू येत होता. आणि खालाने सुरू केलं.

मांडवाचे मेढीशी गो कोन उभी ऱ्हाय
लेकीची माय गो, लेकीची माय

खालाचा आवाज बारीक, पण चाल पक्की. बाहेरच्या बायकांची कुजबूज बंद झाली. मांडवाचं झालं, पाण्याचं झालं, मग चुड्याचं आलं.

हिरवे चुड्यासाठी गो हात कोन देय
लाडाची लेक गो, लाडाची लेक

आणि खाला थांबली. मला वाटलं, श्वास घेतेय. मशीनने दोनदा फुस्स केलं. तरी ती गप्पच.

"फुडं," धुरातून बाय म्हणाली.

"बाय गो..." खाला म्हणाली. "फुडं मला नाय येत."

"पुरा येतो बोललीस ना?"

"मला वाटलं हाच पुरा. चुडा भरला का मी निघते ना गो. दुसरं घर असतं. फुडचा मी कवा ऐकलाच नाय."

इतकी वर्षं दोघी एका मांडवात बसल्या आणि हे दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. बाहेर कुणीतरी चुकचुकलं. अर्धा धवला. सगळ्या जगात पुढचा फक्त एकीला येत होता आणि ती पाटावर बसली होती.

"बाय, तूच म्हण ना," भाचा हळूच म्हणाला. "कोनाला दिसतंय?"

"नवरी सोताचा म्हनते का रं कवा?" हा आवाज बायचा होता, पण मी कधी ऐकलेला नव्हता. लहान मुलीचा असतो तसा, रडू दाबलेला. "ऱ्हाऊ दे. घरचंच हाय. ऱ्हातंच घरचं."

भाच्याने मशीनवरचा हात काढला. मीही फोन खाली घेणार, इतक्यात धुरातून कुणीतरी खाकरलं.

हलदीचे वाटीला गो बोट कोन लावी

जाडा, खरखरीत, पुरुषाचा आवाज. सूर लागत नव्हता, दात नसल्यामुळे शब्द फसफसत होते. पण तो नेमका जिथे खाला थांबली तिथूनच सुरू झाला होता. भाचा तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होता. आम्ही दोघांनीही इतक्या वर्षांत बाबांच्या तोंडून एक अख्खं वाक्य ऐकलेलं नव्हतं, आणि त्यांचे कान गेलेत हेही आम्ही बायच्या सांगण्यावरूनच धरून चाललो होतो.

मला एकदम तो मांडवाबाहेरचा प्रसंग आठवला. दात नसलेला माणूस चघळत काय होता? आत लेझरच्या धडधडीत बायचा एक शब्द कुणाला ऐकू येत नव्हता आणि बाहेर बाबांनी तिचा धवला संपल्याबरोबर किक मारली होती. खाला चुडा भरून जायची, पोरं नाचायला जायची, नवरी उठून जायची. शेवटपर्यंत फक्त बाबा थांबायचे. आयुष्यभर, प्रत्येक लग्नात, शेवटच्या ओळीपर्यंत.

दुसऱ्या कडव्याला बाहेरच्या बायकांनी ओळ उचलली. पुरुष धवला म्हणतोय हे काही बरोबर नव्हतं, पण धुरात कोण म्हणतंय ते कुणाला दिसत होतं? बाबा एक ओळ म्हणायचे, ताडपत्रीपलीकडून अख्खा मांडव ती परत म्हणायचा. हळदीचं झालं, तेलाचं झालं, उंबरठ्याचं झालं. भाचा, ज्याने बायला पाच मिनिटं दिली होती, तो भिंतीला टेकून खाली बसला होता आणि डोळे पुसत होता. आणि शेवटचं आलं.

हलदीचे अंगानं गो कोन नवरी जाय

इथे नवरीचं नाव घ्यायचं असतं. बाबा थांबले. बाहेरच्या बायका थांबल्या. नाव त्यांना तरी कुठे ठाऊक होतं? सगळ्यांसाठी ती बायच होती. आणि बाबांसाठी 'आयकलंस का'. या माणसाने लग्नानंतर बायकोचं नाव कधी तोंडातून काढलेलं नव्हतं.

मग त्यांनी ते घेतलं. हळू घेतलं, आणि मग ओळ पुरी करायची म्हणून दुसऱ्यांदा, मोठ्याने. बाहेरून पन्नास बायकांनी ते नाव परत म्हटलं. दोन वर्षं मी त्या घरात राहिलो आणि बायचं नाव काय आहे हे मला त्या दिवशी कळलं. ते मी इथे लिहीत नाही. ज्यांनी घ्यायचं त्यांनी घेतलं आहे.

धवला संपला.  सवयीने भाच्याचा हात मशीनकडे गेला, फुस्स झालं.

"बास रं भाच्या," धुरातून बाय म्हणाली. "बास झाला धूर. काढ ती ताडपत्री. दिसू दे आमाला."